ऑक्सिजन मोजायचा कुठे? : दुहेरी सायलेन्सर आणि सेन्सरची जागा

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हे गाव साखर कारखान्यासाठी ओळखले जाते, आणि गाळपाचा हंगाम सुरू झाला की बारामती–नीरा रस्त्यावर उसाचे ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांची जी रांग लागते, तिच्यात वाहनांच्या धुरावरील नियंत्रणाचा जवळजवळ सगळा इतिहास एकाच वेळी पाहायला मिळतो. बैलगाडीला सायलेन्सर नाही. जुन्या डिझेल ट्रकला सायलेन्सर आहे, पण त्यातून काय बाहेर पडते हे मोजणारे त्यात काहीच नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनुसार बनलेल्या ट्रकच्या धुराच्या मार्गात मात्र तापमान, दाब आणि वायू मोजणारे अनेक सेन्सर बसवलेले असतात. आणि या रांगेला ओलांडून जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारसायकलींच्या बेंड पाइपातही बोटाएवढा एक ऑक्सिजन सेन्सर असतोच. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘ओटू सेन्सर’ म्हणतात. पिकअपला किंवा जीपला एकाच्या जागी दोन सायलेन्सर बसवून घेण्याची हौस जेव्हा एखाद्या मालकाला होते, तेव्हा नळ्यांची जाडी, आवाज आणि दिसणे यांची चर्चा भरपूर होते. या बोटाएवढ्या उपकरणाची जागा बदलली तर काय होईल हा प्रश्न मात्र सहसा वेल्डिंग आटोपल्यावर, डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागल्यानंतर निघतो.

ऑक्सिजन सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियम ऑक्साइड या चिनीमातीसारख्या कठीण पदार्थाची टोपी किंवा पट्टी असते. हा पदार्थ थंड असताना विद्युतरोधक असतो, परंतु सुमारे 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात. त्याच्या एका बाजूला बाहेरची स्वच्छ हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनातून आलेला धूर असेल, तर दोन्हीकडील ऑक्सिजनच्या प्रमाणात जितका फरक, त्या मानाने त्याच्या दोन पृष्ठांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. या संबंधाचे गणित जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले होते, आणि 1920 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने झिर्कोनियाचाच वापर करून विजेचा एक दिवाही बनवला होता. मोटारीत हा पदार्थ पोहोचला तो बराच उशिरा, 1976 मध्ये, बॉश कंपनीने व्होल्व्होच्या गाड्यांसाठी केलेल्या सेन्सरच्या रूपाने. धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरलाच नसेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल जरा जास्त गेले असेल, तर हा सेन्सर सुमारे 0.8 ते 0.9 व्होल्ट दाखवतो. ऑक्सिजन शिल्लक असेल तर 0.1 व्होल्टच्या आसपास येतो. या दोन टोकांमधली पायरी इतकी उभी असते की साधा सेन्सर ‘पेट्रोल जास्त’ किंवा ‘पेट्रोल कमी’ एवढीच दोन उत्तरे देतो, आणि इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, त्या उत्तरांनुसार पेट्रोल किंचित घटवत आणि किंचित वाढवत दोन्हींच्या सीमेवर सतत झुलत राहतो.

या सीमेला इतके महत्त्व येण्याचे कारण धुराच्या मार्गात पुढे बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला हा जाळीदार डबा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्हींचा एकदम निचरा करतो, परंतु हवा आणि इंधन अचूक प्रमाणात, म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी वजनाने 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणात, जळलेली असतील तरच. भारतात चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा एप्रिल 1995 पासून सक्तीचा झाला, त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आणावे लागले, कारण शिसे या डब्यालाही मारते आणि सेन्सरलाही; देशभरातून शिशाचे पेट्रोल गेले ते फेब्रुवारी 2000 मध्ये. डब्याच्या मागे बसवलेला दुसरा सेन्सर इंधनाचे प्रमाण ठरवण्यासाठी मुख्यतः नसतो, डबा काम करतो की नाही याची तपासणी त्याच्याकडे असते: पुढचा सेन्सर वरखाली झुलत असताना मागचा जवळजवळ स्थिर असेल तर डबा जिवंत आहे, आणि मागचाही तसाच झुलू लागला तर डबा संपला, असा निष्कर्ष संगणक काढतो.

एवढ्या वर्णनावरून एक गोष्ट उघड होते, आणि या लेखाचा सगळा भर तिच्यावर आहे: सेन्सर इंजिनाचा धूर मोजत नाही, तो आपल्या टोकाशी आलेला धूर मोजतो. तो धूर कोणत्या सिलेंडरांचा, किती गरम, किती वेळापूर्वीचा आणि वाटेत बाहेरची हवा मिसळलेला की निर्भेळ, हे सेन्सरला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. ते सर्व त्याच्या जागेने ठरते, आणि संगणकाचे कोष्टक कारखान्यात लिहिले गेले तेव्हा ती जागा गृहीत धरलेली असते.

दुहेरी सायलेन्सरचा प्रश्न खऱ्या अर्थाने बिकट होतो तो अमेरिकेतल्या पेट्रोल पिकअप ट्रकांत. फोर्ड आणि शेव्हरोले यांसारख्या कंपन्यांच्या त्या गाड्यांत आठ सिलेंडरांचे ‘व्ही’ आकाराचे इंजिन असते, म्हणजे चार-चार सिलेंडरांच्या दोन फळ्या एकमेकींशी कोन करून बसवलेल्या असतात. अशा प्रत्येक फळीला तंत्रज्ञ ‘बँक’ म्हणतात, आणि प्रत्येक बँकेचा स्वतंत्र मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरांचा धूर एकत्र करणारा बिडाचा किंवा पोलादाचा हात, असतो. मूळ रचनेत दोन्ही मॅनिफोल्डच्या नळ्या पुढे ‘वाय’ आकारात मिळून एकच सायलेन्सर होतो. 1996 पासून तिथे मोटारी आणि हलक्या ट्रकांना धुराची स्वयंतपासणी सक्तीची झाल्यानंतर प्रत्येक बँकेला स्वतंत्र सेन्सर देण्याची रीत रूढ झाली, परंतु त्याआधीच्या अनेक ट्रकांत सगळ्या इंजिनाला मिळून एकच सेन्सर होता. तो ‘वाय’च्या संगमाखाली असेल आणि मालकाने संगम काढून दोन स्वतंत्र नळ्या मागेपर्यंत नेल्या, तर सेन्सरला मूळ जागाच उरत नाही, तो कोणत्या तरी एका नळीत बसवावा लागतो, आणि त्या क्षणापासून संगणक चार सिलेंडरांच्या साक्षीवर आठांचा निकाल देऊ लागतो. दुसऱ्या बँकेतील एखादा इंजेक्टर तुंबला तरी त्याची खबर लागत नाही. उलट ज्या बँकेत सेन्सर आहे तिच्या गॅस्केटमधून गळती झाली तर शिक्षा दोन्ही बँकांना मिळते. दोन नळ्यांना आडव्या नळीने जोडण्याची पद्धत तिथे आहे आणि तिने आवाज व दाब यांचा समतोल साधतो, पण सेन्सर त्या जोडाच्या अलीकडे असेल तर त्याच्या दृष्टीत काही फरक पडत नाही.

महाराष्ट्रातील रस्त्यांवर दिसणाऱ्या पिकअप आणि जीप गाड्यांची गोष्ट याहून सोपी आहे, आणि ती सोपी आहे हेच पुष्कळ गॅरेजवाल्यांच्या लक्षात येत नाही. महिंद्राची पेट्रोल थार घेतली किंवा सीएनजीवर चालणारा छोटा मालवाहू टेम्पो घेतला, तरी इंजिनाचे सिलेंडर एका ओळीत असतात, मॅनिफोल्ड एकच असतो आणि सेन्सर त्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी किंवा, टर्बो असेल तर, टर्बोच्या लगेच पुढे बसवलेला असतो. अशा गाडीला दोन सायलेन्सर हवेच असतील तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मागचा सेन्सर या दोन्हींच्या पलीकडे नळीला फाटा काढून दोन तोंडे मागे नेता येतात, आणि पुढच्या रचनेला हातही लावावा लागत नाही. असे दुहेरीकरण बव्हंशी दिसण्यासाठी आणि आवाजासाठी असते, त्याने ताकदीत लक्षात येण्याजोगी भर पडत नाही; पण निदान इंजिनाच्या संगणकाचे नुकसान होत नाही. नुकसान सुरू होते ते ‘खरे डबल’ करण्याच्या हट्टाने मॅनिफोल्डपासूनच दोन नळ्या काढल्या जातात तेव्हा. चार सिलेंडरांच्या ओळीत सामान्यतः 1-3-4-2 असा प्रज्वलनक्रम असतो, त्यामुळे असे करणारे लोक पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या लावतात. सेन्सर यांपैकी एका नळीत जातो, आणि सरळ रेषेतल्या इंजिनाला, जिथे ही अडचण नव्हतीच, तिथे व्ही इंजिनाची अडचण उगाच ओढवून घेतली जाते.

जागा हलवल्याने होणारे दोष तीन प्रकारचे आहेत. सेन्सर मागे सरकला की तो थंड पडतो. त्याच्या पोटात तापक असतो, परंतु लांब नळीतून निवत येणाऱ्या धुरात तो तापक कमी पडू शकतो, विशेषतः गाडी नुसती उभी राहून चालू असताना. दुसरा दोष विलंबाचा: संगणकाने पेट्रोल वाढवले की त्याचा परिणाम सेन्सरपर्यंत किती वेळात पोहोचावा याचा अंदाज कोष्टकात बांधलेला असतो, आणि तो वेळ वाढला की दुरुस्ती उशिरा होते, मग गरजेपेक्षा जास्त होते, आणि इंजिन एका जागी चालताना हेलकावे खाते. तिसरा दोष गळतीचा असून तो सर्वांत फसवा आहे. नळीतून धूर बाहेर येतो म्हणजे आतला दाब नेहमीच बाहेरपेक्षा जास्त, असे सहज वाटते. प्रत्यक्षात धूर ठोक्याठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये नळीतील दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो, त्या क्षणी सेन्सरच्या अलीकडे वेल्डिंगमध्ये सुईएवढे छिद्र राहिले असेल तरी त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन इंजिनातून आला असे वाटते, तो ‘पेट्रोल कमी’ अशी तक्रार करतो, संगणक पेट्रोल वाढवतो, छिद्र तसेच राहते, तक्रारही तशीच राहते. अनेक गाड्यांत ही वाढ सुमारे 25 टक्क्यांपर्यंत गेल्यावर संगणक हात टेकतो आणि दिवा लावतो. तोवर ॲव्हरेज घसरलेले असते आणि जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळू लागल्याने तो आतून वितळण्याची वेळ आलेली असते. मालक मात्र सेन्सर खराब झाला म्हणून नवा आणतो, आणि नवा सेन्सरही तेच सांगतो.

काही कारणाने सेन्सरसाठी नवी जागा करणे भागच असेल तर कारागिराने पाळायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. जिथे त्या बाजूच्या सर्व सिलेंडरांचा धूर एकत्र येतो त्या संगमाच्या लगेच पुढे, कन्व्हर्टरच्या अलीकडे, नळीच्या सरळ भागात 18 मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांची पोलादी कडी वेल्ड करावी लागते. ती नळीच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या पातळीपासून निदान 10 ते 15 अंश वर झुकलेली हवी, कारण थंड इंजिन सुरू केल्यावर धुरातील वाफेचे पाणी होऊन ते नळीच्या तळाशी वाहते, आणि तापलेल्या झिर्कोनियावर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते. अगदी उभा, बारा वाजताच्या स्थितीतही सेन्सर शक्यतो बसवत नाहीत, कारण मग त्याच्या तारांच्या टोकाला फार उष्णता लागते. वेल्डिंग करताना सेन्सर काढून ठेवावा, बॅटरीची तार सुटी करावी, आणि जोडावर सिलिकॉनची साधी पेस्ट लावू नये, कारण तिच्या वाफा सेन्सरच्या टोकावर काचेसारखा थर चढवतात. तारा अपुऱ्या पडल्या की त्या कापून डाख देण्याची आपल्याकडील सवय इथे विशेष घातक ठरते: अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आवरणातूनच आत घेतात, आणि डाखाने किंवा चिकटपट्टीने ती वाट बुजली की सेन्सरजवळ तुलना करायला हवाच उरत नाही. लांबवायची झाली तर सेन्सरची शेपटी नव्हे, तर कनेक्टरच्या पलीकडची गाडीची वायरिंग लांबवावी.

माळेगावसारख्या ठिकाणी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, जी अमेरिकेतल्या ट्रकवाल्याच्या सहसा मनात येत नाही. उसापासून साखरेबरोबर इथेनॉल तयार होते, ते तेल कंपन्यांकडे जाते आणि पेट्रोलमध्ये मिसळून पंपावर परत येते. 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 पेट्रोलची विक्री फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली, आणि 2030 साठी ठरवलेले 20 टक्के मिश्रणाचे लक्ष्य देशाने 2025 मध्येच गाठले. इथेनॉलच्या रेणूत वजनाने सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलचे 14.7 हे प्रमाण ई-20 साठी सुमारे 13.5 वर येते, म्हणजे तेवढ्याच हवेत इंजिनाला काही टक्के जास्त इंधन सोडावे लागते. हे जास्तीचे इंधन किती, हे संगणकाला कोण सांगते? टाकीत किती इथेनॉल आहे हे मोजणारे उपकरण आपल्याकडील सर्वसाधारण गाड्यांत नसते. ऑक्सिजन सेन्सर धुराकडे पाहून ‘कमी पडले’ म्हणतो, आणि संगणक हळूहळू शिकतो. इंधन कोणतेही असो, पूर्ण ज्वलनाची सीमा सेन्सरला सारखीच दिसते, ही या उपकरणाची खरी करामत आहे. म्हणून पूर्वी ज्या गाडीत सेन्सरची थोडी चुकलेली जागा खपून जात होती, त्याच गाडीत आता संगणकाच्या दुरुस्तीच्या मर्यादेपैकी बराच भाग इथेनॉलसाठी खर्च होतो आणि गळतीसाठी किंवा अर्ध्या इंजिनाच्या साक्षीसाठी फारशी गुंजाइश उरत नाही. सेन्सर नसलेल्या जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तर ही दुरुस्ती करूच शकत नाहीत.

सीएनजीच्या बाबतीतही हेच. मिथेनला वजनाने सतरा पटींहून अधिक हवा लागते, आणि पेट्रोल इंजिनावर चढवलेल्या आधुनिक सीएनजी किटचा संगणक पेट्रोलच्या ऑक्सिजन सेन्सरकडूनच माहिती घेतो.

उसाच्या मोठ्या डिझेल ट्रकांत मात्र चित्र वेगळे आहे. डिझेल इंजिन नेहमी भरपूर जादा हवेत चालते, त्यामुळे पेट्रोल इंजिनासारखी सीमा त्यात नसते. बीएस-6 ट्रकमध्ये काजळी गाळणारा फिल्टर आणि त्यापुढे 32.5 टक्के युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइडे नष्ट करणारा भाग असतो, ज्या द्रावणाला चालक नुसते ‘युरिया’ म्हणतात. या भागाच्या अलीकडे आणि पलीकडे नायट्रोजनची ऑक्साइडे मोजणारे जे दोन ‘नॉक्स’ सेन्सर असतात, त्यांच्या आतही झिर्कोनियाच असते आणि ते धुरातील ऑक्सिजनही मोजतात. इंजिन सुरू होताच ते काम करीत नाहीत. नळीतील पाण्याचा अंश वाफ होऊन जाईपर्यंत संगणक त्यांचा तापक पूर्ण चालू करीत नाही, कारण तडकण्याचे भय तेच. युरियाची फवारणी, तो धुरात मिसळण्यासाठी लागणारी नळीची लांबी आणि सेन्सर यांची अंतरे एकमेकांवर अवलंबून असल्याने अशा ट्रकला दुसरा सायलेन्सर काढायचाच असेल तर शेवटच्या सेन्सरच्या मागे, नुसत्या शेपटीच्या नळीला. फवारणीच्याही अलीकडे फाटा काढला तर निम्मा धूर उपचाराशिवाय बाहेर जातो आणि राहिलेल्या निम्म्यावर पूर्ण धुराचा युरिया फवारला जातो. पुष्कळ ठिकाणी यावर उपाय म्हणून खोटा संकेत देणारी पेटी लावली जाते. तिने दिवा विझतो, धूर तसाच राहतो.

सेन्सरच्या जागेची ही शिस्त वाहनांपुरती नाही. साखर कारखान्यात उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, गिरणीतून बाहेर पडताना जवळपास निम्मा पाण्यानेच भरलेला असतो, आणि असे ओले इंधन जाळणाऱ्या आधुनिक बॉयलरांतही हवेचे प्रमाण राखण्यासाठी धुराच्या मार्गात झिर्कोनियाचाच ऑक्सिजन सेन्सर घालतात. तिथेही भट्टीतील दाब बाहेरपेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो, धुराड्याकडे जाणाऱ्या पत्र्याच्या मार्गातील फटींतून आणि हवा तापवण्याच्या यंत्रातील गळक्या नळ्यांतून बाहेरची हवा आत शिरते; म्हणून सेन्सर त्या यंत्राच्या अलीकडे, भट्टीच्या शक्य तितक्या जवळ ठेवतात. तो पलीकडे ठेवला तर भट्टीत हवा भरपूर आहे असा भास होतो, पंखे मंद केले जातात आणि बगॅस अर्धवट जळून काळा धूर सुटतो. मोटारीत खोट्या ऑक्सिजनने इंधन वाढते, इथे हवा घटते. इंधन वाया जाते ते दोन्हीकडे. झिर्कोनिया हाच पदार्थ बारामती औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या व्हेस्पा स्कूटरच्या सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीतही भेटतो, कारण बीएस-6 नंतर त्या स्कूटरही इंजेक्शनच्या झाल्या. माळेगावच्या शिवनगर विद्या प्रसारक मंडळाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर ई-20 वर चालणाऱ्या गाडीत सेन्सर वीस-वीस सेंटिमीटर मागे सरकवत काय होते हे मोजण्यासारखा विषय दारातच आहे.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगता येतो. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत नमूद असलेल्या आणि उत्पादकाने ठरवून दिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. आवाज किंवा धूर यांच्या मर्यादा ओलांडणाऱ्या वाहनासाठी कलम 190 अन्वये पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. ‘एमएच 42’ या बारामतीच्या क्रमांकाची व्यावसायिक गाडी पासिंगला गेली की हे प्रश्न कागदावर येतातच. तेव्हा दुसरा सायलेन्सर बसवून घेऊ इच्छिणाऱ्या मालकाने आधी परिवहन कार्यालयात विचारावे, मग गाडी रॅम्पवर घेऊन शेवटचा सेन्सर कुठे आहे तो स्वतः डोळ्यांनी पाहावा, त्याच्या मागे नळीवर खडूची खूण करून घ्यावी, आणि त्या खुणेच्या पुढे कटर लावू देऊ नये.